अपुऱ्या दिवसांचे मूल आणि वर्णभेद

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशा अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली आहेत. मी तर केवळ मॅट्रिक झालेला, अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविलेला एक निवृत्त शिक्षक. "गुरुजी, तुम्ही अमेरिकेस जाऊन आलात, तर तेथील प्रवासाविषयी बोला," असा चिटणीसांनी आग्रह धरला, तेव्हा मी त्यांना म्हटले की, मी नायगारा पाहिला नाही, न्यूयॉर्कही पाहिले नाही. शिकागो शहरातील एका रुग्णालयाची एक खोली मात्र सात आठवडे पाहिली. त्या खोलीत जे पाहिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जे डोळ्यांसमोर असून मला प्रथम दिसले नाही, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

ही गोष्ट सन २०१९ च्या उन्हाळ्यातील. माझी कन्या व जावई नोकरीनिमित्त शिकागोस असतात. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपली रीत. परंतु कन्येस येणे शक्य नव्हते, तेव्हा माहेरच तिच्याकडे गेले. आम्ही पोहोचलो आणि चारच दिवसांनी तिचे डोके दुखू लागले, पायांवर सूज आली. रक्तदाब पाहताच डॉक्टरांनी तिला तत्काळ दाखल करून घेतले. तिसऱ्या दिवशी, दिवस भरण्यास दहा आठवडे उरले असतानाच, शस्त्रक्रिया करून मुलगी जन्मास आली. वजन अवघे सव्वा किलो.

सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणतात. तेथील डॉक्टरांनी मला समजावून सांगितले की, वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आईच्या उदरातील प्रत्येक अधिक दिवस हा बाळाच्या फुप्फुसांची व मेंदूची कमाई असतो. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे मूल. माझी नात काचेच्या पेटीत होती, नाकात नळी, पायाला प्राणवायू मोजणारे यंत्र. यंत्राने आवाज केला की आम्हा सर्वांचा श्वास अडे. ज्यांच्या घरी असे मूल झाले आहे, त्यांना हे सांगावयास नको. बाळ जन्मले, पण मांडीवर नाही. आई झाली, पण हात रिकामे. पेढे वाटावेत की देव पाण्यात ठेवावेत, हेच कळत नाही.

आमच्या शेजारच्या पेटीत एक कृष्णवर्णीय बाळ होते, किलोभराहूनही कमी वजनाचे. दिवसभर त्याच्यापाशी घरचे कोणी नसे. माझी कन्या व्हीलचेअरवरून दिवसातून चार वेळा येई, जावई रजा घेऊन बसलेले, आम्ही दोघे तर मुक्कामालाच. आणि त्या पेटीपाशी फक्त परिचारिका. चौथ्या दिवशी मी सौभाग्यवतीस म्हणालो, "काय ही माणसे! पोटचे पोर असे टाकून जातात कुठे? ह्या लोकांत घरदार, जबाबदारी अशी नसतेच म्हणतात." कन्येने हे ऐकले. ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय ठाऊक त्यांचे?" मी गप्प बसलो, पण मत काही बदलले नाही.

सहाव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहिते, ही आपली समजूत. तेथे पूजा कोठली मांडणार! तरी सौभाग्यवतीने परिचारिकेच्या परवानगीने पेटीखालच्या खणात एक कोरा कागद व पेन्सिल ठेविली, आणि आम्ही त्या रात्री उशिरापर्यंत थांबलो. साडेनऊच्या सुमारास शेजारच्या बाळाचे आईबाप आणि आजी अशी तिघे आली. आईच्या खांद्याला पिशवी होती, आणि तीत मुलांच्या वह्या. वहीचा गठ्ठा शिक्षकाला लांबूनही ओळखू येतो. ती बाई माझ्यासारखीच प्राथमिक शिक्षिका होती.

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी आजीशी बोललो. आपल्याकडे २०१७ पासून कायद्याच्या कक्षेतील नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे. अमेरिकेसारख्या संपन्न देशात साऱ्या राष्ट्राला लागू असा भरपगारी रजेचा कायदाच नाही. १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा. तीही जेथे पन्नास वा अधिक माणसे कामास आहेत आणि नोकरीला वर्ष झाले आहे, अशांनाच. बाळाचा बाप एका गोदामात नव्याने लागलेला; त्याचे वर्ष भरले नव्हते, म्हणून त्याला एका दिवसाचीही हक्काची रजा नव्हती. आईपुढे प्रश्न असा, की बाळ रुग्णालयात असताना रजा संपविली, तर ते घरी येईल तेव्हा त्याला पाहील कोण? म्हणून शस्त्रक्रियेचे टाके पुरते भरले नसताना, तिसऱ्याच आठवड्यात ती शाळेत रुजू झाली होती. दिवसा वर्ग, मधल्या सुट्टीत यंत्राने दूध काढावयाचे, रात्री दोन बसगाड्या बदलून ते दूध घेऊन यावयाचे. ज्यांना मी पोर टाकून जाणारी म्हटले होते, ती पोरासाठी एकेक दिवस गाठीला बांधून ठेवणारी माणसे होती. मला त्या वेळी मान वर करवेना.

आजीने कागद-पेन्सिलीविषयी विचारले, तेव्हा मी सटवीची कथा सांगितली. ती किंचित हसली आणि म्हणाली, "तुमची देवी सहाव्या रात्री येते. आमच्या मुलांचे तर जन्माआधीच लिहून झालेले असते."

ह्या वाक्याचा अर्थ तिने मला पुढील काही आठवड्यांत उलगडून दाखविला. तिच्या सुनेचेही डोके दुखत होते, तिच्याही पायांवर सूज होती. ती दवाखान्यात गेली, तेव्हा "गर्भारपणात असे व्हायचेच, घरी जाऊन विश्रांती घ्या," असे सांगून तिला परत पाठविले. दोन दिवसांनी ती पुन्हा गेली तेव्हा रक्तदाब फार चढलेला होता, आणि बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात काढावे लागले. लक्षणे तीच, माझ्या मुलीचे ऐकून घेतले, त्यांच्या मुलीचे नाही. रात्री दाराशी बापाच्या मनगटावर बाळाच्या नावाची पट्टी असूनही पहारेकरी त्याला थांबवी, कोणाकडे जायचे म्हणून विचारी. माझ्या हाती पट्टी नव्हती, पण मला कोणी अडविले नाही.

आता आपण म्हणाल, गुरुजी, हे एका कुटुंबाचे दुर्दैव. त्यावरून देशाचा न्याय कसा करावा? प्रश्न योग्य आहे. मीही तो कन्येस विचारला. तिने मला आकडे काढून दाखविले, लेख वाचून त्यांचा अर्थ सांगितला. त्यांतील निवडक तेवढे सांगतो.

सन २०२२ मध्ये अमेरिकेत गौरवर्णीय मातांच्या दर शंभर बाळांपैकी सुमारे साडेनऊ बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. कृष्णवर्णीय मातांच्या शंभरांपैकी सुमारे साडेचौदा. त्याच वर्षी एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण गौरवर्णीयांत हजारी साडेचार, तर कृष्णवर्णीयांत जवळजवळ अकरा होते. एकच देश, एकच वर्ष, तीच औषधे; आणि मृत्यू दुपटीहून अधिक.

ह्याची कारणे लोक तीन सांगतात. पहिले कारण, दोष रक्तातच आहे. दुसरे, शिक्षण नाही. तिसरे, गरिबी आहे. आपणही आपल्या खालच्या मानलेल्या समाजांविषयी हीच तीन कारणे सांगत आलो आहोत, म्हणून ती नीट तपासली पाहिजेत.

रक्ताचे पाहू. शिकागोतील डॉ. रिचर्ड डेव्हिड व डॉ. जेम्स कॉलिन्स ह्यांनी इलिनॉय राज्यातील १९८० ते १९९५ ह्या काळातील जन्मनोंदी तपासून १९९७ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. अमेरिकेत जन्मलेल्या गौरवर्णीय मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम भरले. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,३३३ ग्रॅम. आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम. दोष रक्ताचा असता तर थेट आफ्रिकेतून आलेल्या मातेची बाळे सर्वांत हलकी भरावयास हवी होती. ती तर गोऱ्या बाळांच्या जवळ पोहोचली. पुढे २००२ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. युरोपातून आलेल्या स्त्रियांच्या, अमेरिकेत वाढलेल्या मुलींना जी बाळे झाली ती आधीच्या पिढीहून वजनदार होती. आफ्रिकेतून व कॅरिबियन बेटांतून आलेल्या स्त्रियांच्या मुलींना झालेली बाळे मात्र आधीच्या पिढीहून हलकी. बियाणे तेच, जमीन बदलली. शेतकऱ्याच्या पोराला ह्याहून अधिक स्पष्टीकरण नको.

शिक्षणाचे पाहू. शिक्षणाने सारे रोग बरे होतात, असे मी अडतीस वर्षे मुलांना सांगत आलो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आई व बाप दोघेही महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले, अशीच कुटुंबे घेतली होती. त्यांतही कृष्णवर्णीय बाळांचे मृत्यू हजारी १०.२ आणि गौरवर्णीयांचे ५.४ निघाले. पुरेशा वजनाची जी बाळे जन्मली, त्यांच्या मृत्यूंत भेद नव्हता. सारा भेद फार लहान व अपुऱ्या दिवसांच्या बाळांमुळे होता. अर्थात पदवी घेऊनही त्या मातेला आपले बाळ पूर्ण दिवस पोटात राखता येत नव्हते. आणि जेथे पदवीधर, मिळविते आईबापही सुटत नाहीत, तेथे गरिबी हे कारण खरे असले तरी पुरते नव्हे.

मग उरते काय? उरते ती वागणूक. अर्लिन जेरोनिमस ह्या विदुषीने १९९२ पासून एक विचार मांडला आहे. ऊनपाऊस खाऊन दगड झिजतो, तसे रोजचा अपमान, रोजची धास्ती, रोजची दुप्पट धावपळ ह्यांनी शरीर झिजते. गौरवर्णीय स्त्री किशोरवय ओलांडून विशीत आली की तिचे बाळंतपण अधिक सुखरूप होते. कृष्णवर्णीय स्त्रीच्या बाबतीत तसे होत नाही, कारण वय वाढते तशी झीजही वाढते. रक्तदाब चढतो, आणि रक्तदाब हे बाळ अकाली जन्मण्याचे एक मोठे कारण होय. हृदयात साठलेला ताण गर्भाशयापर्यंत पोहोचतो.

बाळ जन्मल्यावरही हा लेख पुसला जात नाही. २०१७ साली कॅलिफोर्नियातील १३४ रुग्णालयांत उपचार घेतलेल्या, फार कमी वजनाच्या अठरा हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा काही रुग्णालयांत एकाच छपराखाली वर्णावर्णांतील बाळांच्या शुश्रूषेत फरक आढळला. दुसऱ्या एका अभ्यासात आईबापांच्या व परिचारिकांच्या हकीकती गोळा केल्या. त्यांत दुर्लक्ष, आईबापांविषयी आधीच बांधलेली वाईट मते, आणि भाषा, अंतर, नोकरी ह्यांच्या अडचणी, ह्याच तक्रारी पुन:पुन्हा आल्या. आधीच बांधलेली वाईट मते हे शब्द कन्येने वाचले, तेव्हा ती माझ्याकडे पाहत नव्हती. तरी ते मला लागले.

यंत्रेसुद्धा निर्दोष नाहीत. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे जे यंत्र करोनाच्या साथीत घरोघरी आले, ते उजेडाच्या साह्याने कातडीतून मोजमाप करते. २०२० साली प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात असे आढळले की, यंत्र ठीक आकडा दाखवीत असता रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात कमी असण्याचा प्रकार कृष्णवर्णीयांत गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट होता. यंत्राला द्वेष ठाऊक नाही. पण ते कोणाच्या कातडीवर पारखून घेतले, हे माणसाने ठरविले होते.

विशेष असे की, हे सारे शिकागोत घडावे! अमेरिकेतील अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. ज्यूलियस हेस ह्यांनी ह्याच नगरीत १९२२ साली उभारला. आणि ह्याच नगरीत, एका कृष्णवर्णीय तरुणीस परिचारिकांच्या शाळेत प्रवेश नाकारला गेला म्हणून, डॉ. डॅनिएल हेल विल्यम्स ह्यांना १८९१ साली प्रॉव्हिडंट रुग्णालय काढावे लागले. ज्ञान आणि अन्याय एकाच गावात शेजारी नांदू शकतात. आम्ही तेथे होतो त्याच वर्षी वृत्तपत्रांत आले होते की, शिकागोच्या एका सधन भागात सरासरी आयुर्मान नव्वद वर्षे, तर काही मैलांवरील कृष्णवर्णीय वस्तीत साठ. दोन बसगाड्यांच्या अंतरात तीस वर्षांचे आयुष्य गळते.

परंतु बंधुभगिनींनो, हा लेख अमिट नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात पूर्वी अनेक रुग्णालयांचे दार कृष्णवर्णीयांना बंद असे. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा झाला. १९६६ पासून वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचे पैसे हवे असतील तर भेदभाव बंद करा, असे रुग्णालयांना बजावण्यात आले. दारे उघडली, आणि त्या राज्यात पुढील काही वर्षांतच न्यूमोनिया व अतिसाराने दगावणाऱ्या कृष्णवर्णीय अर्भकांची संख्या झपाट्याने घटली. माता त्याच होत्या, रक्त तेच होते. फक्त दार उघडले होते.

ह्या विषयाशी आपला मराठी माणसांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. येथील दु:ख आणि तेथील दु:ख एकाच जातीचे आहे, हे त्या पुरुषाने दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आणि आनंदीबाई जोशी! कोवळ्या वयात त्यांना मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. त्या रिकाम्या मांडीने त्यांना सातासमुद्रांपलीकडे फिलाडेल्फियास नेले, आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्याच महाविद्यालयातून १८६७ साली रेबेका कोल ही कृष्णवर्णीय कन्या डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. मराठी मातेला आणि गुलामांच्या वंशातील मुलीला एकाच दाराने आत घेतले होते. आज आपली मुले त्या देशात सुखाने राहतात, ह्याचा अभिमान जरूर धरावा. पण ज्यांनी झगडून ती दारे उघडली, त्यांच्याच नातवंडांकडे आपण नाक मुरडून पाहावे, हे कृतघ्नपणाचे आहे. मी तसे पाहिले होते, म्हणून सांगतो.

आणखी एक कबुली द्यावयाची आहे. त्या रात्री घरी परतताना मला माझ्या पहिल्या नेमणुकीची शाळा आठवली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील एक मुलगा महिनोन् महिने गैरहजर राही. मी त्याच्या नावापुढे शेरा लिहिला होता, "पालक उदासीन." पुढे कळले की त्याचे आईबाप ऊसतोडीला जात, आणि धाकट्या भावंडांना सांभाळावयास तो बरोबर जाई. त्याच्या आईला फडावर बाळंतपण झाले तेव्हा तिला कोणती रजा होती? शेरा मी खोडला नाही. चाळीस वर्षांनी शिकागोत तोच शेरा मी पुन्हा मनात लिहिला. सटवीला उगाच दोष देतो आपण; पुष्कळसे लेख आपल्याच अक्षरात असतात.

आता थोडे व्यवहाराचे सांगून संपवितो. आपल्या घरी अपुऱ्या दिवसांचे मूल झाले, तर आईला बोल लावू नका. ग्रहणात बाहेर गेली, जिने चढली, असे म्हणून तिच्या दु:खात भर घालू नका. डोकेदुखी, पायांवर वा तोंडावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी, ही लक्षणे दिसताच रक्तदाब तपासून घ्या. आणि "असे व्हायचेच" म्हणून कोणी परत पाठविले, तर हटून बसा. आईच्या छातीशी बाळाला उघड्या अंगाने बिलगवून ठेवण्याची रीत १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे ह्यांनी सुरू केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी असे सांगितले आहे. त्याला पैसा लागत नाही, ऊब लागते. आणि ज्या घरी असे मूल आहे, मग ते घर कोणत्याही जातीचे असो, तेथे विचारपूस करून परतू नका. डबा पोहोचवा, मोठ्या मुलांना सांभाळा, रात्रीची एक पाळी घ्या.

आमची नात सात आठवड्यांनी घरी आली. शेजारचा बाळ अकरा आठवड्यांनी गेला, प्रथम काही दिवस नाकातील नळीसह. कन्येचे व त्या शिक्षिकेचे येणेजाणे आजही आहे. दोन्ही मुले आता शाळेत जातात. निघण्यापूर्वी सौभाग्यवतीने तो कोरा कागद खणातून काढला आणि त्या आजीच्या हाती दिला. आजीने तो नीट घडी करून पर्समध्ये ठेविला. तो अजून कोरा असेल. त्यावर काय लिहिले जावे, हे थोडे तुमच्याआमच्याही हाती आहे.